कृती बदलली, पण कोणासाठी?

परवा आमच्या सोसायटीचा स्विमिंग पूल रंगवायला काढला. नातवाची ऐन सुट्टी, त्यामुळे घरात दोन दिवस रुसवाफुगवा. त्याची समजूत काढायला म्हणून त्याला घेऊन खाली गेले, तर रिकाम्या पूलमध्ये तीन रंगारी उतरलेले आणि काठावर निळ्या रंगाचे डबे ओळीने मांडलेले. शिक्षकाची सवय जात नाही, दिसेल ते वाचायचं. एका डब्यावर वाचलं, 'क्लोरिनेटेड रबर'. आणि मंडळी, खरं सांगते, मला तिथल्या बाकावर बसावंच लागलं.

कारण हे दोन शब्द आमच्या घरात जवळजवळ वीस वर्षं रोज उच्चारले जात होते. माझा मोठा भाऊ, आम्ही सगळे त्याला नाना म्हणायचो, १९६९ पासून १९८८ पर्यंत मुंबईजवळच्या एका कारखान्यात हीच वस्तू बनवत होता. कारखान्याचं नाव लिहीत नाही. तो केव्हाच बंद पडला, आणि मला भांडण उकरून काढायचं नाही. पण या विषयावर लिहायचं फार दिवस मनात होतं, ते त्या डब्यामुळे आज होतं आहे.

माझे नेहमीचे वाचक म्हणतील, बाईंना हे काय नवीन सुचलं? मी बी.ए. झाले ती मराठी घेऊन. शाळेत चौतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. रसायनशास्त्राशी माझा संबंध फोडणीपुरता. पण नानाने त्याच्या कामाबद्दल जे सांगितलं ते माझ्या डोक्यात अजून पक्कं आहे, आणि जिथे अडले तिथे नानाच्या मुलाला, म्हणजे माझ्या पुतण्याला फोन केला. तो केमिकल इंजिनियर आहे. तेव्हा यात चूक सापडली तर ती माझी, आणि बरोबर असेल ते त्या बापलेकाचं.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगते. नावात रबर आहे, पण ती ताणत नाही. पांढरी, हलकी भुकटी असते. साध्या रबराला आग लवकर लागते, ही भुकटी पेट घेत नाही. आम्ल, अल्कली, खारं पाणी, कशाला दाद देत नाही. म्हणून तिचे रंग बनतात. जहाजांसाठी, स्विमिंग पूलसाठी, रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांसाठी, रसायनांच्या कारखान्यातल्या लोखंडी सांगाड्यांसाठी. या रंगाचा आणखी एक गुण नाना कौतुकाने सांगायचा. दुसरा हात मारला की तो पहिल्या हातात थोडा विरघळून एकजीव होतो, त्यामुळे पापुद्रे सुटत नाहीत. नानाला आपल्या मालाचा फार अभिमान होता. समुद्रात जहाज दिसलं की तो म्हणायचा, "त्याच्या अंगावर माझी पावडर असेल, बरं का."

आता कृती. स्वयंपाकाच्या वहीत लिहिल्यासारखी लिहिते.

केरळातून रबराचे धुरावलेले शीट यायचे. ते आधी दोन लोखंडी रुळांमध्ये घालून चांगले मळून काढायचे, म्हणजे रबराच्या लांब साखळ्या तुटून ते मऊ पडतं. मग ते एका पातळ, बिनरंगी, जड द्रावात विरघळवायचं. या द्रावाचं नाव कार्बन टेट्राक्लोराइड. सगळे त्याला सीटीसी म्हणायचे. रबराचं द्रावण फार लवकर घट्ट होतं, त्यामुळे साधारण ५ टक्क्यांचंच करायचं. म्हणजे १ किलो रबराला १९ किलो सीटीसी. मग बंद भांड्यात ते गरम ठेवून खालून क्लोरीन वायू सोडायचा. क्लोरीन रबरात शिरतो आणि हायड्रोजन क्लोराइड वायू बाहेर पडतो, तो पाण्यात धरला की हायड्रोक्लोरिक आम्ल मिळतं. काम पुरं झालं की ते सगळं द्रावण उकळत्या पाण्यात सोडायचं. सीटीसी ७७ अंशांच्या आसपासच उकळतो, त्यामुळे त्याची लगेच वाफ होते, आणि पांढरी भुकटी पाण्यात उरते. वाफ थंड करून सीटीसी परत टाकीत. भुकटी धुवायची, वाळवायची, पोत्यात भरायची.

पुतण्याने मला हिशेब करून दाखवला. तयार मालात वजनाने सुमारे ६५ टक्के क्लोरीन असतो. १ किलो रबर घेतलं तर त्याला ३ किलोंच्या वर क्लोरीन लागतो, पावणेतीन किलोंच्या आसपास माल निघतो आणि सव्वा किलोहून जास्त हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो.

मी विचारलं, इतका क्लोरीन रबरात मावतो कसा? तो म्हणाला, "आत्या, एसटी डोळ्यांसमोर आण." रबराच्या साखळीतल्या प्रत्येक दुव्यात एक दुहेरी बंध असतो, म्हणजे दोघांची एक सीट रिकामी. क्लोरीन नुसता त्या रिकाम्या सीटांवर बसला असता तर प्रमाण ५१ टक्क्यांवर थांबलं असतं. पण क्लोरीन दांडगा प्रवासी. तो आधी बसलेल्या हायड्रोजनला उठवून त्याच्या जागेवरही बसतो, आणि उठवलेला हायड्रोजन दुसऱ्या क्लोरीनचा हात धरून गाडीतून उतरतो. तेच ते आम्ल. शिवाय मधल्या मधे साखळी स्वतःशीच गाठी मारून घेते, लहान लहान वेटोळी तयार होतात. म्हणून मग रबर ताणलं जात नाही.

आणि सीटीसीच का? कारण क्लोरीन इतका दांडगा की पेट्रोल, टर्पेंटाइन असलं काही वापरलं तर तो रबराबरोबर त्यालाही धरतो. सीटीसीत एका कार्बनच्या चारही सीटांवर आधीच क्लोरीन बसलेला आहे. उठवायला हायड्रोजनच नाही. शिवाय तो जळत नाही, रबर छान विरघळवतो, आणि लवकर उकळतो म्हणून परत मिळवायला सोपा. खरं सांगू? हे ऐकल्यावर मला त्या कृतीचं कौतुकच वाटलं. ज्याने ही जोडी जमवली तो माणूस हुशारच होता. या पद्धतीला मी उगाच नावं ठेवत नाही.

पण सीटीसीचा एक वास असतो. गोडसर, दवाखान्यासारखा. नाना कामावरून आला की तो वास त्याच्या सदऱ्याला असायचा. बंद भांडं म्हटलं तरी झाकण उघडावं लागतं, पंपाच्या सांध्यातून गळतं, गाळणी साफ करायला माणूस आत उतरतो. भुकटीतही थोडा अडकून राहतोच. कारखान्यात पाळीवरच्या माणसांना रोज दूध मिळायचं. पोटात दूध गेलं की बाधत नाही, अशी तेव्हा सगळ्यांची समजूत. नाना ते दूध पीत नसे, किटलीतून मुलासाठी घरी आणत असे.

आता माझी स्वतःची गोष्ट. नानाने एकदा मला त्या द्रावाची एक बाटली दिली होती. "ताई, जरीच्या साडीवरचा तेलाचा डाग क्षणात जातो बघ." (मी धाकटी, तरी मला तो ताईच म्हणायचा.) आणि खरंच जायचा. १९७९ साली शाळेच्या स्नेहसंमेलनाला आम्ही ऐतिहासिक नाटक बसवलं होतं. भाड्याने आणलेले पोशाख मळके निघाले. मी ती बाटली शाळेत नेली आणि नववीच्या चार मुलींना घेऊन, दार लावून, कापसाच्या बोळ्याने सगळे डाग पुसले. दार लावलं कारण मुलगे खिडकीतून चिडवत होते. तासाभराने दोघींना गरगरायला लागलं, एकीला उलटी झाली. मी म्हटलं, सकाळपासून उपाशी असतील, आणि त्यांना कँटीनमधून बटाटेवडे मागवून दिले. त्या मुलींना पुढे काही झालं नाही, त्यातल्या दोघी अजून दिवाळीला फोन करतात. पण तो प्रसंग आठवला की माझ्या पोटात आजही गोळा येतो.

मला माहीत नव्हतं हे खरं. पण कोणालाच माहीत नव्हतं का? हे शोधायला लागले तेव्हा मी चकित झाले. सीटीसी हा एके काळी घरोघरचा द्राव होता. कपडे कोरडे धुवायला वापरत, आग विझवायच्या पंपात भरत. इतकंच काय, १९२१ साली अमेरिकेत मॉरिस हॉल या शास्त्रज्ञाने पोटातल्या हुककृमीवर औषध म्हणून तो सुचवला आणि जगभर असंख्य लोकांनी तो चक्क प्यायला. त्यातले काही दगावले तेव्हा काही वर्षांत त्याची जागा दुसऱ्या औषधाने घेतली. म्हणजे यकृतावर याचा घाला पडतो हे नानाच्या जन्माआधीपासून डॉक्टरांना ठाऊक होतं. अमेरिकेने १९७० साली घरगुती वापराच्या वस्तूंत त्यावर बंदी घातली. मी दार लावून मुलींना डाग पुसायला बसवलं ते त्यानंतर नऊ वर्षांनी.

आपल्याकडेही कायदा अगदीच आंधळा नव्हता. १९४८ च्या कारखाना कायद्याला कळवण्याजोग्या रोगांची एक यादी जोडलेली होती, म्हणजे कामगाराला तो रोग झाला तर डॉक्टरने आणि कारखान्याने सरकारला कळवायचं. तीत विषारी पदार्थांमुळे होणाऱ्या काविळीचं नाव होतं. यादी होती, पण मला तरी नानाच्या आजारपणात तिचं नाव घेणारा एकही माणूस भेटला नाही.

नानाला पहिली कावीळ १९८४ मध्ये झाली. गावठी औषध, ऊस, पथ्य, सगळं झालं. बरा होऊन पुन्हा कामावर गेला. १९८८ मध्ये पोटात पाणी झालं तेव्हा नोकरी सोडली. १९९१ च्या श्रावणात गेला. वय शेचाळीस. डॉक्टर म्हणाले, लिव्हर सिरोसिस. आणि पहिला प्रश्न विचारला, "किती वर्षं पितात?" वहिनी तिथेच होत्या. त्यांनी मान खाली घातली, जणू काही त्यांचाच गुन्हा होता.

माझे नातेवाईक हे वाचतात म्हणून आता थोडं स्पष्ट लिहिते. कोणाला राग आला तर येऊ दे, या वयात मला त्याची फारशी काळजी नाही. नाना गेल्यावर बाराव्याच्या पंगतीत कुजबुज झाली. पुढे त्याच्या मुलीचं लग्न ठरवताना दोन ठिकाणी विचारणा झाली, "वडील पीत होते ना?" आपल्याच घरातल्या माणसांनी ते पसरवलं होतं. नानाने आयुष्यात दारूला हात लावला नाही. मी त्याची बहीण आहे, तो काय खात होता, काय पीत होता, मला माहीत आहे. त्याचं व्यसन म्हणजे चहा आणि सुपारी.

सीटीसीनेच तो गेला असं मी म्हणत नाही. कोणी तसं लिहून दिलेलं नाही, तशी तपासणी झालेली नाही. कावीळ पुष्कळ प्रकारची असते, विषाणूनेही यकृत सडतं. माझ्या हातात पुरावा नाही. पण दारूचा तरी तुमच्या हातात कुठे होता? दोन्ही बाजूंना पुरावा नसताना आपण माणसावर आळ घेतला आणि द्रावाला सोडून दिलं. एवढंच माझं म्हणणं आहे. वहिनी आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या कानावर कोणीतरी एकदा "आमचं चुकलं" एवढं घातलं तर बरं होईल.

असो. आता मूळ मुद्द्याकडे येते.

पुतण्या म्हणाला, "आत्या, आता ती पद्धत राहिली नाही." मला हायसं वाटलं. विचारलं, माणसांचे हाल बघून बंद केली ना? तर तो हसला. म्हणाला, "नाही गं. ओझोनमुळे."

ही कथा तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत असेल, म्हणून थोडक्यात सांगते. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या दोघांनी दाखवलं की फ्रिजमधल्या वायूंसारखे क्लोरीनवाले वायू वर जाऊन ओझोनचा थर कुरतडतात. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर थर भयंकर विरळ झाल्याचं ब्रिटिश शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलं. १६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियलचा करार झाला. सीटीसी त्यात सुरुवातीला नव्हता, १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत त्याचं नाव घातलं गेलं. श्रीमंत देशांनी १९९६ पासून आणि आपल्यासारख्यांनी २०१० पासून तो सोडायचा असं ठरलं. भारत १९९२ मध्ये करारात आला. १९९८ मध्ये ज्या कृतींमध्ये असे द्राव मदतनीस म्हणून वापरले जातात त्यांची यादी झाली, त्यात क्लोरिनेटेड रबराचं नाव स्पष्ट आहे. कारखान्यांनी पद्धत बदलावी म्हणून आंतरराष्ट्रीय निधीतून पैसेही मिळाले. १ जानेवारी २०१० पासून आपल्याकडेही असा वापर संपला. दुसरं रसायन बनवायला कच्चा माल म्हणून सीटीसी आजही तयार होतो, कारण तिथे तो हवेत न जाता संपून जातो.

आता बघा हं. माणसाचं यकृत बिघडतं हे १९२० च्या दशकात कळलं होतं. आकाश बिघडतं हे कळलं १९७४ नंतर. कृती बदलली ती आकाशासाठी. यकृतासाठी पन्नास-साठ वर्षांत जे झालं नाही, ते आकाशासाठी विसाएक वर्षांत झालं.

यात नवल काय, असं पुतण्याचं म्हणणं. आकाश सगळ्यांच्या डोक्यावर आहे. लंडनच्या माणसाला त्वचेच्या कर्करोगाची भीती वाटली म्हणून तो बैठकीला बसला. नानाचं यकृत फाटकाच्या आत होतं, त्याची भीती फक्त वहिनींना. तो पुढे म्हणाला, "कारण काही असो, फायदा झाला ना? नंतरच्या कामगारांना तो वास घ्यावा लागला नाही." हे मला मान्य आहे. ओझोनचा थर सावरतो आहे असं शास्त्रज्ञ सांगतात, ही तर आपल्या पिढीच्या हातून झालेली फार मोठी चांगली गोष्ट आहे. इतक्या देशांनी एकत्र येऊन एक काम पुरं केलं. मी इतिहास शिकवला आहे, असं किती थोड्या वेळा होतं ते मला माहीत आहे.

पण कारणाला महत्त्व आहेच. का ते सांगते.

सीटीसी काढायचा तर त्याच्या जागी काय, याची दोन उत्तरं आहेत. पहिलं सोपं. दुसरा द्राव घाला; क्लोरोफॉर्म आहे, डायक्लोरोइथेन आहे. हे माँट्रियलच्या यादीत नाहीत, आकाशाला त्यांचा तसा उपद्रव नाही. पण माणसाला? तेही विषारीच. म्हणजे कागदावर करार पाळला गेला, आणि गाळणी साफ करायला उतरणारा माणूस होता तिथेच राहिला. बंदी फक्त आकाशासाठी असली की अशी पळवाट राहते.

दुसरं उत्तर कठीण, पण मला तेच आवडलं. द्रावच नको. रबराच्या झाडाचा चीक असतो ना, पांढरा, दुधासारखा, त्यात रबराचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. त्या चिकातच थेट क्लोरीन सोडायचा. पण चीक हा दुधासारखाच नाजूक. क्लोरीन सोडला की आम्ल तयार होतं, आणि आम्ल पडलं की चीक नासतो, गोळा होतो. म्हणून आधी त्यात आम्लातही टिकेल असा साबणासारखा पदार्थ घालून त्याला सांभाळायचं. मग आणखी एक अडचण. क्लोरीन कणाच्या बाहेरून आत जातो, त्यामुळे बाहेर पक्कं आणि आत कच्चं, घाईत तळलेल्या भजीसारखं. ते भिनावं म्हणून तापमान जपायचं, प्रखर प्रकाश सोडायचा, वेळ द्यायचा. एवढं करूनही माल रंगाच्या द्रावकात नीट विरघळला पाहिजे, नाहीतर रंगवाला परत पाठवतो. सोपं काम नाही.

पण मंडळी, ही कल्पना नवी नाही! हॉलंडमधल्या रबर संशोधकांनी १९५० च्या सुमारासच चिकात क्लोरीन सोडण्याचे प्रयोग करून प्रसिद्ध केले होते. म्हणजे नाना कामाला लागला त्याच्या वीस वर्षं आधी. वाट दिसत होती. ती अवघड होती, आणि सीटीसीची वाट गुळगुळीत. ज्याला चालायचं होतं त्याला कोणी विचारलं नाही, आणि जे विचार करणारे होते त्यांना चालायचं नव्हतं.

पुतण्याचा इथे एक आक्षेप आहे आणि तो प्रामाणिकपणे नोंदवते. तो म्हणतो, पाण्यातली पद्धत म्हणजे देवाचा प्रसाद नव्हे. तिथेही क्लोरीन आहे, तो गळला तर माणूस जागच्या जागी पडतो. आम्लाचं पाणी निघतं, ते नदीत सोडलं तर नदी मरते. जुन्या पद्धतीतही यंत्रं चांगली ठेवली, सांधे घट्ट ठेवले, पंखे लावले तर माणूस पुष्कळ वाचला असता. बरोबर आहे. माझं उत्तर इतकंच, की मग ते का ठेवलं नाही? सीटीसीची गळती म्हणजे मालकाच्या पैशाचीही गळती होती. तरी ती होत राहिली. कारण गळलेला द्राव विकत आणता येत होता, आणि माणूस तर फाटकाबाहेर रांगेतच उभा होता.

म्हणून माझं मत असं आहे, की वस्तूची पारख करताना कृतीची पारख झाली पाहिजे. आपण शाळेत काय शिकवतो? अमुक पदार्थाचे गुणधर्म लिहा, उपयोग लिहा. पाच गुण. तयार करण्याची पद्धत शिकवलीच तर बाणांची आकृती. त्या आकृतीत माणूस कुठेच नसतो. बाणाच्या या टोकाला रबर, त्या टोकाला पावडर, आणि मध्ये? मध्ये माझा भाऊ एकोणीस वर्षं उभा होता. माझे काही विद्यार्थी आता स्वतः विज्ञान शिकवतात आणि अधूनमधून इथे डोकावतात. त्यांना माझी विनंती आहे. आकृती काढताना मुलांना एक प्रश्न जरूर विचारा, या भांड्याचं झाकण कोण उघडतं? उत्तर पाठ्यपुस्तकात नसेल. पण त्याच वर्गात एखाद्या मुलाचा बाप ते झाकण उघडत असेल.

आणि आपण विकत घेणाऱ्यांनीही विचारावं. डब्यावर रंग किती चौरस फूट पुरतो ते लिहिलेलं असतं. तो कुठल्या वाटेने आला ते लिहिलेलं नसतं. मला ते वाचायला आवडेल.

बाकावर बसून हे सगळं डोक्यात चाललं होतं. समोर ते तिघे रंगारी. पूल म्हणजे मोठा खड्डाच, त्यात वारा नाही. वरून वास येत होता, सीटीसीचा नव्हे, रंग पातळ करायच्या द्रावकाचा. तिघांच्याही नाकाला रुमाल बांधलेला. मी तिथूनच पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, "आत्या, त्या द्रावकाची वाफ हवेपेक्षा जड असते, खड्ड्यात साचते. रुमालाने काही होत नाही. वाफ शोषणारी डबी लावलेले मास्क मिळतात, ते पाहिजेत. आणि तळाची हवा ओढून बाहेर फेकणारा पंखा. पण ठिणगी पडणार नाही असा, वाफ पेट घेते."

मी सेक्रेटरींकडे गेले. ते माझ्या मुलाच्या वयाचे. म्हणाले, "काकू, हे लोक वर्षानुवर्षं हेच काम करतात, त्यांना सवय आहे." मी म्हटलं, "माझ्या भावालाही सवय होती." ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग ठेकेदाराला फोन केला. काम त्या दिवसापुरतं थांबलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीन मास्क आणि एक भाड्याचा पंखा आला. पूल उघडायला त्यामुळे दोन दिवस उशीर झाला. काही जणांनी कुरकुर केली. माझ्या नातवानेही केली.

त्याला मी नानाआजोबांची गोष्ट सांगितली. सगळी नाही, जहाजावरच्या पावडरीपर्यंतची. बाकीची तो मोठा झाला की सांगेन. तोवर इथे लिहून ठेवली आहे.